टॉर्चचा तारेचा बल्ब जास्त व्होल्टेजवर चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात दोन सेलचा पितळी टॉर्च आहे, पुढे तारेचा बल्ब आहे आणि ‘याचा उजेड अजून थोडा वाढला असता तर’ अशी खाज सुटली आहे, अशांसाठी हे पान. एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो: व्होल्टेज वाढवणं हा पोरखेळ आहे. कुठे थांबायचं ते मात्र बल्बच्या आयुष्यावरून ठरवा, उजेडावरून ठरवायला गेलात तर थांबणं होत नाही.

ओव्हरड्राइव्ह करायचं म्हणजे नेमकं काय?

बल्बच्या पितळी कॉलरवर बारीक अक्षरांत ‘२.५ व्होल्ट ०.३ अँपिअर’ असं काहीतरी ठोकलेलं असतं. ते भिंगाखाली धरून वाचा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे. हा आकडा म्हणजे त्यापुढे गेलं की बल्ब फुटलाच, अशी लक्ष्मणरेषा नाही. इतका उजेड आणि इतके तास आयुष्य, असा बनवणाऱ्याने बसवलेला तो मेळ आहे. तुम्ही त्याहून जास्त व्होल्टेज देता, म्हणजेच ओव्हरड्राइव्ह करता, तेव्हा तास कमी करून उजेड विकत घेता. कारखान्यातही हे मुद्दाम करतात. फोटो स्टुडिओत पूर्वी वापरायचे ते फोटोफ्लड बल्ब हे साध्या बल्बचंच जास्त तापवलेलं रूप. रंगतापमान (उजेड पिवळा की पांढरा हे सांगणारं माप) ३४०० केल्विन आणि आयुष्य जेमतेम काही तास. फोटो काढण्यापुरता तो जळाला की काम झालं.

किती वाढवलं तर किती मिळतं?

तारेच्या बल्बसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेले अंदाजाचे नियम आहेत. उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने वाढतो. करंट ०.५५ घाताने, म्हणजे हळूच, वाढतो. वीज म्हणजे वॅट १.५५ घाताने. आणि आयुष्य कमी होतं ते साधारण १३ घाताने. सगळी गोम या तेरामध्ये आहे.

दोन मोठ्या सेलच्या टॉर्चचा जगभर चालणारा पीआर-२ बल्ब घ्या: २.३८ व्होल्ट, ०.५ अँपिअर, आयुष्य १५ तास, उजेड सुमारे १० ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे उजेडाचं माप). त्याला १० टक्के जास्त, म्हणजे २.६२ व्होल्ट दिले तर उजेड १.४ पट होतो आणि आयुष्य साडेचार तासांच्या आत येतं. २० टक्के, म्हणजे २.८६ व्होल्टला उजेड जवळजवळ १.९ पट आणि आयुष्य दीड तासाच्याही आत. ३० टक्क्यांना, ३.०९ व्होल्टवर, उजेड २.४ पट आणि आयुष्य अर्धा तास. त्यापुढे नियमांचा भरवसा धरू नका. बल्ब एखादा क्षण निळसर पांढरा चमकतो आणि जातो.

शिवाय डोळ्यांना उजेड दुप्पट झालेला दुप्पट वाटत नाही. झोत किती लांब पोचतो तेही उजेडाच्या वर्गमुळाने वाढतं. १.९ पट उजेड म्हणजे पल्ला १.४ पटसुद्धा नाही. शेतातल्या विहिरीपर्यंत पोचणारा झोत एकदम ओढ्यापलीकडे जाईल अशी आशा ठेवू नका. माझ्या मते १० ते १५ टक्के ही शहाणपणाची जागा. २० टक्के हौशीची. त्यापुढचं सगळं दाखवायला ठीक.

आयुष्य इतकं झपाट्याने का घटतं?

फिलामेंट, म्हणजे बल्बमधली तार, टंगस्टनचं असतं आणि टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं. पण बल्ब वितळून क्वचितच जातो. तो जातो बाष्पीभवनाने. तापलेल्या तारेवरून धातूचे अणू उडत राहतात आणि काचेला आतून काळपट थर चढतो. हे उडण्याचं प्रमाण तापमानाबरोबर भयंकर वेगाने वाढतं. त्यात तार सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे जरा बारीक झाली तिथे रोध वाढतो, रोध वाढला की तिथेच जास्त तापते, तापली की आणखी झिजते. या चक्रातून एक जागा इतरांपेक्षा लखलखीत होते आणि तिथेच तार तुटते.

टॉर्चच्या बल्बला आणखी एक दुखणं आहे. डीसीवर चालणाऱ्या फार बारीक तारेवर कालांतराने करवतीच्या दात्यांसारख्या पायऱ्या पडतात. त्यामुळे कागदावरच्या हिशेबाच्या आतच बल्ब जाऊ शकतो.

नवे सेल टाकले की हमखास बल्ब उडतो. सेल खराब असतात का?

सेल खराब नसतात, उलट फार चांगले असतात. पीआर-२ वर २.३८ व्होल्ट का लिहिलंय ते बघा. दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट व्हायला हवेत. पण साधा झिंक-कार्बन सेल अर्धा अँपिअर द्यायला लागला की १.५ वरून लवकरच १.२ च्या आसपास उतरतो, आणि बल्ब त्या उतरलेल्या व्होल्टेजसाठीच बनवलेला असतो. त्याच जागी ताजे अल्कलाइन सेल घातले की पहिली काही मिनिटं बल्बला २.८ च्या आसपास मिळू शकतात. म्हणजे तुम्ही काहीही न करता तो २० टक्के ओव्हरड्राइव्ह झालेला असतो. जुना, झिजलेला बल्ब तेवढ्यात गचकतो आणि दोष बिचाऱ्या सेलवर येतो.

काहीही न बदलता उजेड वाढेल का?

वाढेल, आणि सुरुवात इथूनच करा. सेलपासून बल्बपर्यंतच्या वाटेत स्प्रिंग, रिव्हेट, स्विचची पितळी पट्टी, झाकणाचे आटे आणि बल्बच्या बुडाचा शिशाचा ठिपका असे पाचसहा सांधे असतात. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या पितळी टॉर्चमध्ये या प्रत्येक सांध्यावर हिरवट थर असतो. सगळा मिळून ०.२ ओहम रोध धरला तरी अर्ध्या अँपिअरला ०.१ व्होल्ट वाटेतच गळतो. हा गळलेला ०.१ व्होल्ट परत मिळाला तर उजेड १५ टक्क्यांनी वाढतो.

बारीक पॉलिश पेपरने आटे आणि पट्टी घासा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, स्प्रिंगच्या आतून जाड तांब्याची तार टाकून दोन्ही टोकांना झाळा. मल्टिमीटर सेलवर लावून समाधान मानू नका. टॉर्च चालू असताना बल्बच्या कॉलर आणि बुडामध्ये लावा. तिथे मिळतं तेच खरं व्होल्टेज. बरेच टॉर्च मुळात उपाशी चालत असतात आणि आपण बल्बला नावं ठेवत असतो.

दोन सेलच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल घालता येईल का?

येईल, पण कोणता ते महत्त्वाचं. १८६५० मापाचा साधा लि-आयन (लिथियम-आयन) सेल पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो. २.५ व्होल्टच्या बल्बला ते म्हणजे ताबडतोब श्राद्ध. त्याच्यासोबत तीन सेलचा बल्ब लावा. तीन सेलच्या टॉर्चसाठी मिळणारा ३.८ व्होल्ट ०.३ अँपिअरचा बल्ब ४.२ ला १० टक्के जास्त मिळवतो: उजेड १.४ पट, आयुष्य चौथ्या हिश्श्याच्या थोडं वर. सेल उतरत गेला की बल्ब आपोआप आपल्या नेमलेल्या व्होल्टेजला येतो. हा जोड मला सगळ्यात समजूतदार वाटतो.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट. सोलर दिव्यांत ३२७०० नावाचे जाडे सेल असतात, ३.२ व्होल्टचे. जाडीला ते मोठ्या सेलच्या नळीत बसतात. लांबी ७० मिलिमीटर असल्याने उरलेल्या जागेत मोठ्या सेलऐवजी ठोकळा लागतो. पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि मधून पितळी सळई एवढ्यात तो होतो. या सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत एका पातळीवर राहतं, त्यामुळे बल्बला काय मिळणार ते आधी सांगता येतं. मात्र २.५ च्या बल्बला थेट ३.२ म्हणजे २८ टक्के जास्त. उजेड २.३ पट, आयुष्य चार टक्के. १५ तासांचा बल्ब ३५ मिनिटांत संपेल.

इथे सर्किटमध्ये एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) टाका. १एन५८२२ नंबरचा डायोड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळतो आणि एवढ्या करंटला सुमारे ०.३ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. बल्बला उरतात २.९. उजेड १.६ पटींच्या वर, आयुष्य सातव्या हिश्श्याइतकं, म्हणजे १५ तासांचे दोन तास. डायोड ठोकळ्याच्या पोटातच झाळता येतो आणि टॉर्चला हातही लावावा लागत नाही. फक्त डायोडवरची पट्टी बल्बच्या दिशेला यायला हवी, नाहीतर टॉर्च लागणारच नाही.

तीन सेलच्या टॉर्चला दोन सेलचा बल्ब लावला तर?

उडेल.

क्रिप्टॉन, झेनॉन, हॅलोजन यात फरक काय? कोणता जास्त सोसतो?

१९१३ मध्ये अर्व्हिंग लँगम्युअरने निर्वात बल्बऐवजी वायू भरलेला बल्ब आणला. वायूचे रेणू तारेवरून उडणाऱ्या टंगस्टनला अडवतात. रेणू जितके जड तितकं अडवणं चांगलं आणि उष्णता वाहून नेणं कमी. म्हणून आर्गॉनपेक्षा क्रिप्टॉन आणि क्रिप्टॉनपेक्षा झेनॉन बरा. त्याच आयुष्यात थोडा जास्त उजेड मिळतो, चमत्कार होत नाही.

हॅलोजनचं प्रकरण वेगळं. आत आयोडीन किंवा ब्रोमीनचं संयुग असतं. ते काचेजवळ टंगस्टनला पकडतं आणि तापलेल्या तारेजवळ परत सोडतं, त्यामुळे काच काळी पडत नाही. पण हे फिरतं चक्र चालायला काच सुमारे २५० अंशांच्या वर तापलेली लागते. म्हणून ती क्वार्ट्झची किंवा तशीच कणखर आणि तारेच्या अगदी जवळ असते. तिला बोट लावू नका. बोटाचं तेलमीठ तापल्यावर क्वार्ट्झला डाग पाडतं आणि तिथून ती तडकते. लागलंच बोट तर स्पिरिटने पुसा. ओव्हरड्राइव्ह करायला हॅलोजन सगळ्यात योग्य, फक्त त्याच्याबाबतीत तेरा घाताचा हिशेब ढोबळच समजा.

अमेरिकेतले हौशी लोक मॅगलाइटमध्ये भलते बल्ब घालतात, तो काय प्रकार आहे?

त्याला तिकडे हॉटवायर म्हणतात. अँथनी मॅग्लिकाने १९७९ मध्ये बाजारात आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा मॅगलाइट दणकट, नळी लांब, रिफ्लेक्टर मोठा. त्यामुळे प्रयोगाला सोयीचा. त्यात पेलिकन कंपनीच्या मोठ्या टॉर्चचे बल्ब, वेल्च अ‍ॅलनचे वैद्यकीय उपकरणांसाठीचे छोटे हॅलोजन, नाहीतर सरळ प्रोजेक्टर आणि मायक्रोस्कोपचे दोन पिनांचे बल्ब बसवायचे आणि वर चढवून चालवायचे. कंपन्याही याच वाटेने गेल्या होत्या. शुअरफायरच्या ६पी या छोट्या टॉर्चला दोन दिवे मिळत: एक ६५ ल्यूमेन तासभर, दुसरा १२० ल्यूमेन वीस मिनिटं. सेल तेच.

आपल्याकडे करायचं तर कॉलेजच्या मायक्रोस्कोपचा ६ व्होल्ट २० वॅटचा हॅलोजन सहज मिळतो, शास्त्रीय उपकरणांच्या दुकानात. त्याला दोन लि-आयन सेल एकामागे एक लावले की भाराखाली ७.६ व्होल्टच्या आसपास मिळतात. आयुष्य १०० तासांवरून चारपाच तासांवर, उजेड सव्वादोन पट. पण करंट ३.८ अँपिअर आणि वीज २९ वॅट. म्हणजे मुठीत सोल्डरिंग आयर्न धरल्यासारखं आहे. इतक्या करंटला ०.१ ओहम रोधही जवळजवळ ०.४ व्होल्ट खातो, त्यामुळे साधा सरकपट्टीचा स्विच इथे टिकत नाही. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तर मिनिटांत बुडबुडे धरतो. धातूचा रिफ्लेक्टर, चिनीमातीचं सॉकेट आणि पुढे प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांना वापरतात तसली बोरोसिलिकेट काच, ही तिन्ही असतील तरच या वाटेला जा.

बल्ब नेहमी चालू करतानाच का जातो?

थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याइतका असतो. स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंट कित्येक पट उसळतो. झिजलेल्या जागेला तो धक्का सोसत नाही. जुन्या सेलचा स्वतःचा रोध आणि गंजलेले सांधे हा धक्का नकळत बोथट करतात. तुम्ही सांधे चकचकीत करता आणि ताकदवान लिथियम सेल घालता तेव्हा ती ढाल जाते. म्हणून मोठ्या बल्बसाठी हौशी लोक सॉफ्ट-स्टार्टचं, म्हणजे करंट हळूहळू चढवणारं, छोटं सर्किट घालतात, किंवा दोन टप्प्यांचा स्विच: आधी एका रोधकातून मंद, मग थेट. साध्या अर्ध्या अँपिअरच्या बल्बला एवढा थाट करण्यात अर्थ नाही, दुसरा बल्ब आणणं स्वस्त पडतं.

पीडब्ल्यूएमने व्होल्टेज कमी केलं तर बल्बला नक्की किती मिळतं?

पीडब्ल्यूएम म्हणजे करंट फार वेगाने चालू-बंद करत राहणं. इथे बरेच जण फसतात. ८.४ व्होल्ट अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद, म्हणजे ४.२ मिळाले असं वाटतं. तारेला मात्र सरासरी व्होल्टेज कळत नाही, तिला उष्णता कळते. आणि उष्णता वर्गाच्या हिशेबाने चालते. ८.४ च्या निम्म्या वेळेचे आरएमएस व्होल्ट, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने खरे मिळणारे व्होल्ट, ५.९४ होतात. ४.२ हवे असतील तर चालू वेळ फक्त २५ टक्के ठेवा. कंट्रोलर सेल उतरेल तशी ही वेळ वाढवत नेणारा असेल तर उजेड शेवटपर्यंत एकसारखा राहतो. तारेच्या बल्बला मिळू शकणारी ही सगळ्यात चांगली वागणूक.

सायकलच्या डायनॅमोचा बल्ब उतारावर उडायचा, तोही याच कारणाने?

बहुतेक वेळा हो, आणि त्यात चोर मागचा दिवा असायचा. ६ व्होल्ट ३ वॅटच्या डायनॅमोवर पुढे २.४ आणि मागे ०.६ वॅट अशी वाटणी. वेग धरल्यावर डायनॅमो जवळजवळ ठरावीक करंट, अर्धा अँपिअर, ढकलत राहतो. मागचा बल्ब गेला किंवा त्याची वायर मडगार्डला घासून तुटली की त्याच्या वाट्याचा ०.१ अँपिअरही पुढच्याच्या गळ्यात. करंट २५ टक्के वाढला, आणि करंट व्होल्टेजच्या ०.५५ घाताने चालतो, म्हणजे व्होल्टेज जवळजवळ दीडपट झालं. पुढचा बल्ब लखकन पेटतो आणि घाट उतरायच्या आत दोन्ही दिवे बंद. पुढचे बल्ब बदलत बसण्यापेक्षा मागची वायर बघायला हवी होती, हे अनेकांच्या ध्यानात आलंच नाही.

उलट, व्होल्टेज कमी ठेवलं तर बल्ब कायमचा टिकेल?

त्याच तेरा घाताने आयुष्य वाढतं. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून जळतो आहे. त्याचं कौतुक करताना एक गोष्ट राहून जाते: तो आता जेमतेम ४ वॅटच्या दिव्याइतका मिणमिणतो. एवढ्या मंदपणे जळणाऱ्या तारेचं टंगस्टन असो वा कार्बन, झिजायला कारणच उरत नाही. हॅलोजनला मात्र फार कमी व्होल्टेज देऊ नका. काच थंड राहिली की ते फिरतं चक्र थांबतं आणि काच काळी पडू शकते.

धोका कशात आहे?

बल्बपेक्षा सेलमध्ये. प्रोटेक्शन सर्किट असलेलेच लि-आयन घ्या. दोन सेल एकामागे एक लावायचे तर दोन्ही एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि सारखे चार्ज केलेले हवेत. एक आधी रिकामा झाला की दुसरा त्याला उलटा ढकलतो. १८६५० च्या धन टोकाजवळचं प्लास्टिकचं वेष्टण फाटलेलं असेल तर तो सेल धातूच्या नळीत घालूच नका, तिथे ऋण आणि धन यांच्यात फक्त एक कागदी चकती असते. तारेचा बल्ब सेल रिकामा झाला म्हणून स्वतःहून विझत नाही. उजेड तांबूस झाला की बंद करा आणि चार्जिंगला लावा.

असा टॉर्च चालू ठेवून पिशवीत टाकू नका, काच खाली करून अंथरुणावर ठेवू नका. आणि गॅसचा वास येतो आहे, पेट्रोल सांडलं आहे अशा जागी तर तो खिशातूनही काढू नका.

हे सगळं करण्यापेक्षा एलईडी का नको?

घ्याच एलईडी, उजेड हवा असेल तर. पीआर-२ एका वॅटला सुमारे ८ ल्यूमेन देतो, २० टक्के चढवला तर १२. टंगस्टन वितळण्याच्या टोकाला नेलं तरी ५० च्या आसपासच आकडा थांबतो, आणि साधा एलईडी १०० च्या पुढे. ही शर्यत कधीच संपली आहे. तारेच्या बल्बपाशी राहण्याची कारणं दोनच: जुना टॉर्च जसा होता तसा चालवायचा आहे, किंवा तो रंग आवडतो. चढवलेल्या बल्बखाली हळद हळदीसारखी आणि लालचुटूक मिरची मिरचीसारखी दिसते, हे खरं आहे. स्वस्त एलईडीखाली ती दिसत नाही, हेही खरं आहे. चांगले एलईडी मात्र आता तिथवर आले आहेत.

बल्ब संपत आलाय हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. बल्ब बाहेर काढून पांढऱ्या कागदावर धरा. काचेच्या आत करडी छटा दिसली तर अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं समजा. मग भिंगातून तार बघा: नवी तार गुळगुळीत आणि काळसर दिसते, झिजलेली खडबडीत, चमचमती आणि मधोमध लोंबलेली. वेटोळ्यांमधलं अंतर एका ठिकाणी वाढलेलं दिसलं तर तो बल्ब रात्रीच्या वाटेवर नेऊ नका, आणि नेलाच तर दुसरा चिंधीत गुंडाळून टॉर्चच्या झाकणात ठेवा. बऱ्याच जुन्या टॉर्चच्या बुडाच्या झाकणात त्यासाठी जागा केलेलीच असते.